सरी पाडायच्या दिवशीच तोडणी ठरते
— ऊस विकास अधिकारी



गेल्या ऑफ सीझनला आपले चीफ इंजिनिअर साहेब एका कामासाठी शिरोली एमआयडीसीत निघाले होते. मलाही कोल्हापुरात काम होते, म्हणून त्यांच्याच गाडीत बसलो. काम तसे किरकोळ होते. केन कॅरिअरवरचा एक लोखंडी भाग झिजला होता, आणि आपल्या वर्कशॉपमध्ये हाताने काढलेल्या ड्रॉइंगवरून तसाच नवा करून आणायचा होता. तिथला कारखानदार पंचविशीतला पोरगा. त्याने कागद उलटसुलट पाहिला, एका जागी पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाला, "साहेब, आतला हा कोपरा तुम्ही चोख काटकोनात दाखवलाय. माझं कटर गोल फिरतंय. गोल कटर काटकोनी कोपऱ्यात शिरणार कसं? एवढा कोपरा जरा वळवून द्या, मशीन लगेच भाग काढून देतंय. असाच पाहिजे असेल तर कानस घेऊन माणूस बसवावा लागेल, आणि त्याची मजुरी भागापेक्षा जास्त होईल."

चीफ इंजिनिअर साहेबांनी विचार केला आणि हसले. तो कोपरा काटकोनात असण्याची काही गरजच नव्हती. आमच्या माणसाने पट्टी लावून रेघ ओढली होती, एवढेच त्याचे कारण.

मग त्या पोराने आम्हाला त्याचा कॉम्प्युटर दाखवला. ज्या कॉम्प्युटरवर भागाचे ड्रॉइंग होते, त्याच्यावरच मशीनच्या कटरने कुठून कसे फिरायचे तेही ठरते. लोखंडाला हात लावण्याआधी कटर पडद्यावर फिरवून पाहता येते. जिथे अडेल तिथे ड्रॉइंग बदलायचे, मगच लोखंड बांधायचे. पूर्वी ड्रॉइंगवाला टेबलावर बसून कागद काढून मोकळा व्हायचा आणि मशीनवाला खाली लेथपाशी डोके धरून बसायचा. दोघांची गाठ पडायची ती माल खराब झाल्यावर. आता कागद काढतानाच मशीनला विचारून काढतात. तो म्हणाला, "मशीन महागातलं घेतलं म्हणून काम झपाट्यानं होत नाही साहेब, मशीनला जमेल असं ड्रॉइंग आलं तर होतंय."

परतीच्या वाटेवर माझ्या डोळ्यांपुढे ते कटर नव्हते. एका सभासदाचा खोडवा होता.

गोष्ट तीन हंगामांपूर्वीची. मार्च उजाडला होता. कोयत्याच्या निम्म्या टोळ्या गावाकडे परतल्या होत्या, एका मुकादमाने तर उचल घेऊन टोळी आणलीच नव्हती. आणि या सभासदाचा दोन एकर आडसाली ऊस एकोणीस महिन्यांचा होऊन रानात उभा होता. तुरे येऊन गेलेले, बुडाला उंदीर लागलेले. वयस्कर गृहस्थ, रोज सकाळी गट ऑफिसच्या पायरीवर येऊन बसायचे. भांडायचे नाहीत, नुसते बसायचे. ते मला भांडण्यापेक्षा जड जाई. शेवटी शेजारच्या गटातले तोडणी यंत्र मी त्यांच्या रानात धाडले. सरी होती साडेतीन फुटी. चालक बांधावर उतरून म्हणाला, "साहेब, चाक बसत नाही." मी म्हणालो, "बसव कसंबी, ऊस वाळून चाललाय."

ऊस गेला, वजने झाली, बिल निघाले. महिन्याभराने मी खोडवा पाहायला गेलो. ओळीत वीतभर फुटवे, मग दोन हात मोकळे, परत चार फुटवे. जमीन पाटासारखी घट्ट झालेली, पहार मारली तर खणकन वाजावी अशी. आबा बांधावर उभे होते. म्हणाले, "सायेब, ऊस नेलासा, पर खोडवा बी नेलासा की." त्यांनी नांग्या भरून पाहिल्या, पण त्या दाबलेल्या जमिनीत रोप जीव धरेना. खोडवा मोडावा लागला. म्हणजे लागणीचा, बेण्याचा आणि नांगरटीचा खर्च पुन्हा पहिल्यापासून. यंत्राचा त्यात काही दोष नव्हता आणि चालकाचाही नव्हता. काटकोनी कोपऱ्यात गोल कटर घालायचा हुकूम माझा होता.

हिशेब फुटांत मांडला की गोष्ट अगदी साधी आहे. मोठ्या तोडणी यंत्राच्या डाव्या-उजव्या चाकांमध्ये, मध्यापासून मध्यापर्यंत, साधारण सहा फूट अंतर असते. यंत्र एका वेळी एक ओळ तोडते आणि ती ओळ बरोबर यंत्राच्या मध्यावर येते. म्हणजे तोडायच्या ओळीपासून दोन्ही बाजूंना तीन-तीन फुटांवर एकेक चाक चालणार. आता तुमची सरी तीन फुटी असेल तर चाक बरोबर शेजारच्या ओळीच्या बुडख्यावर बसते. एका बाजूला अजून न तोडलेला ऊस आडवा करते, दुसऱ्या बाजूला नुकतीच तोडलेली धस्कटे चिरडते. साडेतीन फुटी सरीत चाकाचा मध्य ओळीपासून सहा इंचांवर येतो, पण चाक दीड फुटाच्या आसपास रुंद, तेव्हा ओळ वाचत नाहीच. चार फुटांत चाकाची कड ओळीपासून तीन इंचांवर राहते, आणि उसाचे बेट त्याहून जास्त पसरलेले असते. पाच फुटांत मात्र चाकाची कड ओळीपासून सव्वा फूट दूर राहते. सहा फूट असेल तर चाक दोन ओळींच्या मधोमध. पाचट, ढेकळे आणि मोकळी माती, जे काय दबायचे ते तिथेच दबते.

काही सभासद विचारतात की आमची पट्टा पद्धत आहे, अडीच-पाच किंवा तीन-सहा, मग आमचे काय? पाण्यासाठी आणि आंतरपिकासाठी पट्टा चांगला आहे, मी स्वतःच त्याचा प्रचार केलेला आहे. पण वरच्याच हिशेबाने पाहा. जोडीतली एक ओळ तोडायला घेतली की तीन फुटांवरची तिची जोडीदारीण बरोबर चाकाखाली. आपल्या भागात येणाऱ्या लहान यंत्रांची चाके याहून जवळ असतात, त्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा निघेल. तेव्हा कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये, अगदी माझ्याही. तुमच्या गटात कोणते यंत्र येणार ते आधी विचारावे, टेप घेऊन चाकांचे अंतर स्वतः मोजावे आणि मग रिजर लावावा.

आपली जुनी आखणी अडाणीपणाची होती असे मात्र कोणी समजू नये. तीन फुटी सरी बैलाच्या औताला आणि माणसाच्या खांद्याला बेतलेली होती. नागमोडी सरी पाण्यासाठी होती. काळ्या रानात लांब सरीने पाणी सोडले तर तोंडाला चिखल आणि शेवटाला कोरडे, म्हणून आपल्या वाडवडिलांनी आडवे पाट घालून सऱ्या आखूड केल्या. ज्या हत्याराने काम करायचे त्या हत्याराला विचारूनच त्यांनीही रान आखले. फक्त त्यांचे हत्यार पाणी, बैल आणि कोयता हे होते. कोयतेवाला वाकडी सरी चालवून घेतो, लोळलेला ऊस उचलून घेतो, दगड दिसला तर हात आवरतो, खांबाला वळसा घालतो. यंत्र यातले काही करत नाही. अडचण एवढीच आहे की आपण हत्यार बदलायला निघालो आणि आखणी तशीच ठेवली.

पीक आणि यंत्र यांची सांगड आधीच घालायची, हे नेटाने करून दाखवल्याची माझ्या माहितीतली सर्वांत बोलकी हकिकत उसाची नाही, टोमॅटोची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात केचप आणि सॉसच्या कारखान्यांसाठी टोमॅटोची मोठी शेती चालते. तोडणीला मेक्सिकोतून सरकारी कराराने मजूर येत. तो करार १९६४ च्या अखेरीस संपला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून डेव्हिस येथील कृषी महाविद्यालयात जॅक हॅना नावाचे पीक-पैदासकार आणि कोबी लॉरेन्झन नावाचे कृषी अभियंते एका खटपटीत होते. माणसाच्या हातासारखे अलगद टोमॅटो तोडणारे यंत्र करायचे, तर ते कधी झालेच नसते. टोमॅटो मऊ, एका झाडावर एक लाल तर दुसरा हिरवा, दहा खेपा कराव्या लागणारा. त्यांनी प्रश्नच उलटा केला. यंत्र एकाच खेपेत सबंध झाड बुडातून कापील, उचलील आणि हलवून फळे पाडील. मग असे हाल सोसणारा टोमॅटो कसा असावा? सालीला टणक, साऱ्या झाडाचा एकदम पिकणारा, हलवताच देठापासून सुटणारा, किंचित लांबट. हॅनांनी तसा वाण पैदा केला, त्याला व्हीएफ १४५ म्हणत. लॉरेन्झन यांनी त्याच वाणाला बेतून यंत्र केले, आणि तिथल्याच एका छोट्या गावातल्या कारखान्याने ते बाजारात आणले. १९६३ साली कॅलिफोर्नियातला अगदी थोडा, शेकडा दोनसुद्धा नाही इतका टोमॅटो यंत्राने निघत होता. १९६८ पर्यंत जवळजवळ सगळा यंत्राने निघू लागला. पाच वर्षांत! वाण आणि यंत्र एकाच टेबलावर बसून ठरले, म्हणूनच हे जमले.

या हकिकतीची दुसरी बाजू मी मुद्दाम पुढे सांगणार आहे, कारण ती आपल्यासारख्या लहान सभासदांना जास्त लागू पडते. त्याआधी उसाकडे येऊ.

उसात यंत्राच्या मागे पूर्ण गेले ते ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांताचे लोक. तिथल्या बंडाबर्ग गावच्या टॉफ्ट बंधूंनी आणि इतर कंपन्यांनी ऊस तोडून त्याच्या वीतभर कांड्या करणारी यंत्रे केली. आपल्याकडच्या काही यंत्रांवर ऑस्टॉफ्ट असे नाव वाचायला मिळते, ते याच टॉफ्टांच्या घरातले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे हाताने तोडणी जवळपास संपलीच. आता तुम्हाला वाटेल की त्यांनी सरीचा हिशेब आधीच केला असेल. तसे झाले नाही. त्यांची सरी राहिली दीड मीटरची म्हणजे पाच फुटांची, आणि चाके सहा फुटांवर. एक फुटाचा फरक. पण कांड्या वाहणारी जड वाहनेही त्याच रानात फिरायची, कधी सरीत, कधी ओळीच्या बाजूवर. वर्षानुवर्षे माती दबत गेली आणि वाण नवे येऊनही उतारा पुढे जाईना. १९९३ पासून तिथल्या अनेक संस्थांनी मिळून याचा तपास केला. उसावर ऊस घेत राहणे, अति मशागत आणि चाकांखाली दबलेली जमीन, ही तीन कारणे पुढे आली. उपाय निघाला तो असा : मध्ये एक कडधान्याचे पीक घ्या, मशागत कमी करा, आणि ओळींचे अंतर चाकांच्या अंतराएवढे, म्हणजे एक मीटर ऐंशी ते नव्वद सेंटिमीटर करा. चाकाची वाट कायम चाकाची आणि उसाची गादी कायम उसाची. नंतर तर उपग्रहावरून दिशा घेणारी उपकरणे ट्रॅक्टरला आणि तोडणी यंत्राला लागली, त्यामुळे सरी पाडणारा ट्रॅक्टर ज्या रेषेवर गेला, त्याच रेषेवर दीड वर्षाने तोडणी यंत्र जाते.

आपल्याकडे रिजर लावणारा भाड्याचा ट्रॅक्टर येतो. एकाचा रिजर साडेचारवर बांधलेला, दुसऱ्याचा पाचवर. फेऱ्यांच्या सांध्याला जी जोड सरी पडते ती कधी चार फूट तर कधी सहा. वरून पाहिले तर रान सुरेख दिसते, पण यंत्र त्या सांध्यावर आले की चाक बुडख्यावर चढते. उपग्रह नसला तरी आपल्याजवळ सुतळी आणि चुना आहे. पहिली सरी सुतळीने मारावी, प्रत्येक फेरीच्या सांध्याला टेप लावावी आणि ट्रॅक्टरवाला कुरकुरला तरी लावावी. या एका गोष्टीला पैसा लागत नाही.

आता सर्वांच्या मनातला प्रश्न. पाच फूट सरी म्हणजे रान मोकळे ठेवल्यासारखे, टनेज जाणार. बैठकीत हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तीन फुटी सरीत एकरात १४,५२० फूट ओळ बसते, पाच फुटीत ८,७१२ फूट. ओळ कमी झाली हे खरे. पण साठ टनांचा उतारा पाहिजे तर दीड किलो वजनाचे ४० हजार ऊस एकरात उभे राहिले पाहिजेत. तीन फुटीत दर फुटाला पावणेतीन ऊस लागतात, पाच फुटीत साडेचार. पाच फूट बाय दीड फुटावर एक डोळा रोप लावले तर एकरी ५,८०८ रोपे बसतात, आणि प्रत्येक बेटात सात ऊस मिळाले की ४० हजार पुरे होतात. मोकळी हवा आणि ऊन मिळालेल्या बेटात सात ऊस ही काही फार मोठी मागणी नाही, आपल्या गटातच आठ-नऊ ऊस असलेली बेटे दाखवतो. क्वीन्सलँडच्या तपासातही हेच दिसले की ओळी लांब झाल्या की ऊस फुटव्याने आणि वजनाने बरीच भरपाई करतो. ज्यांचा तरीही जीव धजत नाही, त्यांनी सहा फुटी गादीवर दीड फुटाच्या अंतराने दोन ओळी घ्याव्यात. दीड फुटाची जोडी बहुधा यंत्राच्या तोंडात मावते, चालकाला विचारून खात्री करून घ्यावी. तीन फुटाची मावत नाही.

मात्र एक बजावून सांगतो. पाच फुटी सरी केली आणि रोपांत तूट राहिली, बाळबांधणी चुकली, खताला हात आखडला, तर टनेज नक्की पडेल आणि दोष सरीवर येईल. तीन फुटी सरीत ढिलाई झाकली जायची, पाच फुटीत झाकत नाही.

रुंदीएवढीच सरीची लांबीही महत्त्वाची. दीड मीटर सरीत एका एकरात २,७०० मीटर ओळ होते. सरी साठ मीटर लांब असेल तर यंत्राला एका एकरात ४५ वेळा वळावे लागते, २४० मीटर असेल तर अकरा वेळा. समजा यंत्र तासाला चार किलोमीटरने चालले, तर साठ मीटर तोडायला मिनिटही लागत नाही, आणि वळून पुढची ओळ धरायला तेवढेच मिनिट जाते. म्हणजे निम्मा दिवस यंत्र नुसते वळते आहे आणि डिझेल पिते आहे. लांब सरीत तेच यंत्र पाचातली चार मिनिटे तोडते. शिवाय सरीच्या दोन्ही टोकांना वीस-बावीस फूट मोकळी जागा नसेल तर वळायला शेजाऱ्याचे रान तुडवावे लागते. मग बांधावर काय होते ते तुम्हाला सांगायला नको.

आणि इथेच टोमॅटोची दुसरी बाजू आली. ते यंत्र आले तेव्हा कॅलिफोर्नियात कारखान्याला टोमॅटो घालणारे चार हजारांच्या आसपास शेतकरी होते. दहा वर्षांच्या आत सहाशेच्या आसपास उरले. यंत्र लांब रानाला परवडत होते, लहान रानवाल्याच्या बांधावर ते आलेच नाही. हजारो मजुरांचे काम गेले. सरकारी पैशाने चाललेल्या विद्यापीठाने मोठ्या बागायतदारांचेच भले केले, असे म्हणून १९७९ साली विद्यापीठावर खटला झाला. तो दहा वर्षे चालला आणि १९८९ साली अपिलात विद्यापीठाच्या बाजूने निकाल लागला. पण निकालाने ते तीन-साडेतीन हजार शेतकरी परत आले नाहीत. वाणाचे आणि यंत्राचे डोके ज्यांनी एकत्र लावले, त्यांनी लहान शेतकऱ्याला त्या टेबलावर बसवले नव्हते.

आपल्या सभासदांत वीस गुंठे, तीस गुंठे, एक एकर असलेलेच पुष्कळ. कोयत्याच्या टोळ्या वर्षागणिक कमी येणार हे बीड-पाथर्डीकडचे मुकादमच सांगतात. त्यांची पोरे शिकली, वेगळ्या कामाला लागली, आणि थंडीत पहाटे बायकापोरांसकट मोळ्या बांधायला कोणी खुशीने येत नव्हतेच. जे अजून येतात त्यांच्या पोटाचे यंत्र आल्यावर काय, याचे उत्तर शेतकी खात्याजवळ नाही, पण तो प्रश्न नाही असे मी म्हणणार नाही. यंत्रे वाढणार हे धरून चालावे लागेल. तेव्हा ती वीस गुंठेवाल्याच्या बांधावर थांबणार की पुढे निघून जाणार, एवढेच आपल्या हातात आहे.

आपण सहकारात आहोत म्हणून मार्ग निघू शकतो. बांधाला बांध लागून असलेल्या पाच-सात सभासदांनी एकाच पंधरवड्यात, एकाच वाणाची, एकाच दिशेची लागण करावी. बांध मोडायची गरज नाही. मालकीची खूण म्हणून दगड राहू द्या, मात्र तो सरीच्या ओळीत येईल असा उभा करू नका, जमिनीबरोबर पुरा. सऱ्या सगळ्यांच्या रानातून एका सुतळीत गेल्या की साठ मीटरच्या चार तुकड्यांची २४० मीटर सरी होते. यंत्र एकदा शिरले की बाहेर पडेपर्यंत थांबत नाही. वजने प्रत्येकाच्या गटनंबराप्रमाणे वेगळी करता येतात, ती सोय चिटबॉयकडे आहे. उत्तरेकडच्या एका शिवारात मागच्या वर्षी सहा जणांनी असे केले. त्यातले दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. अजूनही बोलत नाहीत, पण सरी दोघांची एका रेषेत आहे.

लांब सरीला पाण्याची अडचण येणार हे मघाशी म्हटलेच आहे. त्यावर ठिबक हाच खरा इलाज. नळी जमिनीवर पसरलेली असेल तर तोडणीआधी गुंडाळावी लागते, नाहीतर पाचटाबरोबर तीही कुटून निघते. जमिनीखालून, उसाच्या ओळीत घातलेली असेल तर चाक तिच्यावरून जात नाही. व्हॉल्व आणि पाइपाची उघडी तोंडे सरीच्या टोकाला न ठेवता कोपऱ्यात घ्यावीत आणि तोडणीआधी प्रत्येकाला एक काठी आणि लाल फडके बांधावे. गोटे वेचलेच पाहिजेत. बुडाशी ऊस कापणाऱ्या दोन फिरत्या तबकड्यांच्या पात्यांवर गोटा बसला की पाते तुटते आणि त्यापुढचा ऊस कापण्याऐवजी फाटतो. फाटलेल्या बुडख्यातून खोडवा नीट फुटत नाही. मोठ्या बांधणीचा वरंबा सगळ्या ओळींत सारख्या उंचीचा ठेवावा, कारण तबकडी एका उंचीवर चालते. वरंबा खाली-वर असेल तर एका जागी माती कारखान्यात येते आणि दुसऱ्या जागी वीतभर बुडखा रानात राहतो. साखर बुडख्यातच जास्त असते, हे सभासदांना नव्याने सांगायला नको.

पाचटाच्या वजावटीवरून गट ऑफिसात वाद होतात. त्याचेही मूळ बरेचसे रानातच असते. उभ्या उसाचा शेंडा यंत्राचे वरचे चाक कापून बाजूला टाकते. लोळलेल्या उसात ते शेंड्यापर्यंत पोचत नाही, मग वाढे कांड्यांत मिसळून येते. चालकाने पंखा जोरात फिरवला तर पाचट उडते खरे, पण त्याबरोबर कांड्याही उडून रानात पडतात, आणि पंखा हळू केला तर पाचट गाडीत येते. लोळणारा ऊस यंत्राच्या रानात नकोच. वाण निवडताना, शेवटचे पाणी तोडताना आणि नत्राचा शेवटचा हप्ता देताना हे ध्यानात ठेवावे. पावसाळ्यानंतर युरियाचा मोह आवरावा.

कारखान्याच्या बाजूनेही आखणी बदलावी लागेल, ते मी लपवत नाही. हाताने तोडलेला सबंध ऊस यार्डात थोडा थांबू शकतो. कांड्या केलेला ऊस दोन्ही टोकांना उघडा असतो, त्यात जंतू शिरतात, साखर कमी होते आणि रस चिकट होतो. असा ऊस बारा-सोळा तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. त्यासाठी यंत्राच्या गाड्यांना काट्यावर वेगळी रांग पाहिजे आणि तोडणीचा कार्यक्रम यंत्राच्या गटाप्रमाणे लावला पाहिजे. मी हे लेखी मांडलेले आहे. तुम्हीही आपापल्या गटाच्या संचालकांना भेटून बोलावे, आमच्या कागदापेक्षा सभासदाचे तोंड जास्त चालते.

आबांनी यंदा आडसालीला पाच फुटी सरी घ्यायची ठरवली आहे. माझ्यावरचा राग गेला म्हणून नव्हे, तर पुतण्याचे रान शेजारी आहे आणि दोघांची मिळून सरी लांब होते म्हणून. सुतळी धरायला मला बोलावले आहे.

आडसाली लागणीआधी ज्यांना रान यंत्राजोगे आखून घ्यायचे आहे, त्यांनी शेजारी सभासदांसह आपापल्या गट ऑफिसात नाव, गटनंबर आणि क्षेत्र नोंदवावे. ऊस विकास विभागाचा माणूस टेप आणि सुतळी घेऊन येईल. रिजर बांधण्याआधी बोलवावे, सरी पडल्यावर बोलावून उपयोग नाही.